सांडव्याखालची पंगत

पावसाळ्याचे पहिले मोठे पाणी उतरले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. अंडी घालण्यासाठी त्यांना नुकती पाण्याखाली गेलेली उथळ जागा हवी असते. तिथे पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी असतात आणि सूक्ष्म जीवांचे खाद्य भरपूर मिळते. अशा माशांना चढणीचे मासे म्हणतात. रोहू, कटला, मृगळ यांना तर वाहत्या पुराशिवाय अंडी सुटत नाहीत. त्यामुळे १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून हे प्रजनन घडवून आणेपर्यंत मत्स्यबीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावे लागे.

विदर्भातल्या केळापूर तालुक्यात खुनी नदीवर सायखेडा धरण आहे. नदीचे पाणी पुढे पैनगंगेला, तिथून वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीला मिळते. पैनगंगेकडून वर चढणाऱ्या माशाची वाट धरणाच्या भिंतीशी संपते. पण पाण्याची ओढ त्याला परत फिरू देत नाही. जिथे प्रवाह जोराचा, तिथेच तो तोंड करून राहतो, म्हणजे धरण भरून वाहत असेल तर नेमका सांडव्याच्या पायथ्याशी. शिवाय जलाशयातले काही मासे पाण्याबरोबर खाली आपटून अर्धमेले होतात. पक्ष्यांना आयते ताट मिळते ते इथे.

विदर्भातल्या अशा कोणत्याही सांडव्याखाली पाहिले, तर गर्दी असूनही भांडणे बेताचीच दिसतात, कारण प्रत्येकाची जागा वेगळी. ढोकरी काठच्या दगडावर दबा धरते, लहान बगळा घोटाभर पाण्यात पाय हलवून लपलेले मासे उठवतो, राखी बगळा त्याहून खोल उभा राहतो. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत नेम धरतो आणि सरळ खाली सूर मारतो. फेसाळ, गढूळ पाण्यात मात्र त्याचेही चालत नाही. मग तो कडेच्या संथ पाण्याकडे सरकतो. पाणकावळ्याची पिसे भिजतात म्हणून त्याला बुडी मारणे सोपे जाते, आणि म्हणूनच नंतर पंख पसरून उन्हात बसावे लागते. तिरंदाज टोकदार चोचीने मासा भोसकतो. दिवेलागणीला रातबगळे येतात.

गिळण्याचेही शास्त्र आहे. पक्षी मासा उलटसुलट करून डोक्याकडून घशात सोडतो, म्हणजे पर आणि खवले मागे दबतात. शिंगाडा मासा याला पुरून उरतो: त्याच्या परांतले काटे ताठ होऊन तसेच अडकतात. अनुभवी बगळा त्याला दगडावर आपटतो किंवा सोडून देतो. उतावळ्याच्या घशात काटा रुतू शकतो.

बगळे आणि पाणकावळे विदर्भात पावसाळ्यातच वीण घालतात, तेव्हा ही मेजवानी पिल्लांच्या भुकेच्या वेळी पडते. माशांच्या बाजूने हिशेब इतका गोड नाही. पक्षी खातात त्यापेक्षा जास्त नुकसान वाट अडल्याने होते. वर न पोहोचलेली मादी अंडी जिरवते किंवा नको तिथे टाकते. परदेशातल्या अनेक बंधाऱ्यांवर माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवतात. आपल्याकडच्या मातीच्या धरणांत तिचा विचार क्वचितच झाला. खाली आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी समुद्रातून चढणारा पुलसा, म्हणजे हिलसा, असाच थांबतो.

सांडवा बंद झाला की पात्रात खडकांमधले डोह उरतात. त्यांत अडकलेल्या माशांवर बगळे आणखी काही आठवडे काढतात. पुढे डोह आटतात आणि पक्षी जलाशयाच्या उथळ काठाकडे वळतात.