गुडघा जोडला, पण कागदावर काय लिहिलं?

‘गुडघ्याचं ऑपरेशन’ म्हटलं की पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीतल्या कुठल्याही घरात एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते, ती म्हणजे सांधा बदलणं. त्यामुळे डॉक्टरांनी फ्यूजन सांगितलेलं असलं, तरी कंपनीच्या एचआरकडे, विम्याचे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे म्हणजे टीपीएकडे आणि नातेवाइकांकडे ‘नी ऑपरेशन’ एवढंच पोचतं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाच्या हक्काच्या पैशाचा घोळ इथूनच सुरू होतो.

फ्यूजन म्हणजे सांधा बदलण्याचाच स्वस्तातला प्रकार, हा समज अगदी उलटा आहे. सांधा बदलतात तो हालचाल परत मिळावी म्हणून. फ्यूजनमध्ये, म्हणजे आर्थ्रोडेसिसमध्ये, हालचाल कायमची थांबवतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापून एकमेकांवर दाबून धरायची आणि दोन्ही मिळून एकच हाड व्हावं, यासाठी आत रॉड किंवा प्लेट किंवा बाहेरून रिंगांची चौकट बसवायची. असं दाब देऊन जोडण्याची पद्धत इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९४८ मध्ये मांडली होती. बदललेल्या सांध्यात पुन्हा पुन्हा पू होतो, टीबीने सांधा खाल्लेला असतो, किंवा अपघातात गुडघ्याचा चुरा होऊन तो पेलणारे स्नायूच निकामी होतात, तेव्हा हा मार्ग उरतो. पाय जवळजवळ सरळ, जेमतेम दहा-पंधरा अंश वाकलेला ठेवतात. चालताना पाऊल जमिनीला घासू नये म्हणून तो किंचित आखूड असलेलाच बरा. वेदना थांबते, वजन पेलतं. पण मांडी घालणं, उकिडवं बसणं संपतं आणि बसच्या सीटवर पाय आडवा येतो. आयुष्य एवढं बदलणारी गोष्ट कागदावर मोघम राहू देऊ नये.

‘कोड टाकणं हे इन्शुरन्सवाल्यांचं काम’ असंही सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात मेडिक्लेमच्या अर्जाचे दोन भाग असतात. ‘अ’ भाग आपण भरतो आणि ‘ब’ भाग रुग्णालय. या ‘ब’ भागात आजारासाठी आयसीडी-१० चा कोड आणि शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-१० पीसीएसचा कोड लिहायची जागा आहे. पीसीएसचा कोड सात खुणांचा असतो. उजवा गुडघा उघडून, आत प्लेट किंवा रॉड बसवून जोडला, तर कोड होतो ‘० एस जी सी ० ४ झेड’. यातला ‘एस’ पायाकडचे सांधे दाखवतो, ‘जी’ जोडणं आणि ‘सी’ उजवा गुडघा. डावा असेल तर ‘सी’च्या जागी ‘डी’ येतो. बाहेरची चौकट बसवली तर ‘४’चा ‘५’ होतो. आणि ‘जी’च्या जागी चुकून ‘आर’ पडला, तर कागदोपत्री सांधा बदललेला असतो. मग टीपीएची क्वेरी येते की कृत्रिम सांध्याचं स्टिकर कुठे आहे? ते नसणारच, कारण सांधा बसवलेलाच नाही. कोड टाकणारा माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये नसतो. सर्जनने ऑपरेशनच्या नोंदीत जे लिहिलं, त्यावरच तो चालतो.

काळेवाडीतून हिंजवडी जवळ. मेडिकल कोडिंगचा क्लास करून तिकडे नोकरी धरणाऱ्या मुलामुलींना २७५८० हा आकडा ओळखीचा असेल. अमेरिकेत गुडघा कोणत्याही तंत्राने जोडला तरी हाच सीपीटी कोड लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतली सर्जनची नेहमीची तपासणी त्याच रकमेत धरलेली असते. सीपीटी ही कोडपद्धत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीची आहे. घरच्या कुणाच्या पिंपरीतल्या बिलाला तो ९० दिवसांचा नियम लावायला गेलात तर गफलत होईल. आपल्याकडची फेरतपासणी पॉलिसीतल्या डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या मुदतीत बघायची असते.

सगळ्यात महाग पडतो तो गैरसमज वेगळाच आहे. ऑपरेशन झालं हे दाखवलं की पुरे, ते का झालं हे कोण विचारतंय, असं लोक धरून चालतात. पण तेच विचारतात. बदललेल्या सांध्यातला जंतुसंसर्ग टी८४.५ खाली जातो, हाडासांध्यांचा टीबी ए१८.० खाली, झिजलेला गुडघा एम१७ खाली. मोटारसायकलवरच्या अपघातासाठी व्ही२० ते व्ही२९ असे वेगळे कोड आहेत. पॉलिसीत ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, तो आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. अपघातातून आलेल्या दाव्याला तो लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहिलेलं असेल, तर अपघाताचा दावा जुन्या आजाराच्या खात्यात जाऊन पडतो.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असलेल्या कामगाराने तर हे जपायलाच हवं. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्याचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. २०१० च्या दुरुस्तीने ईएसआय कायद्यात ५१-ई हे कलम आलं. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर कामावरची इजा धरला जातो. म्हणजे काळेवाडीहून पहाटेच्या पाळीला चाकणकडे निघालेला माणूस नाशिक रस्त्यावर पडला, तर रुग्णालयातल्या एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या नोंदीच्या) कागदावर वेळ, ठिकाण आणि ‘कामावर जाताना’ हे शब्द हवेत. घाबरलेला नातेवाईक ‘घसरून पडले’ एवढंच सांगून मोकळा होतो. ते समजण्यासारखं आहे, पण पुढे फार नडतं.

इम्प्लांटच्या दराबद्दलही अर्धवट माहिती फिरते. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याचा पूर्ण संच तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. ती मर्यादा सांधा बदलण्याच्या संचाला होती. फ्यूजनचा रॉड, प्लेट किंवा रिंगांची चौकट त्यात येत नाही, म्हणून तो आकडा बिलिंगच्या खिडकीवर दाखवून उपयोग नाही. पाकिटावरची एमआरपी, स्टिकर आणि इनव्हॉइस मात्र मागता येतात आणि मागावेतच.

खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेवर गेलं की सगळं बिल त्याच प्रमाणात कापतात, हेही पूर्ण खरं नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून बाहेर आहेत. रॉडच्या किमतीतून टक्केवारी कापलेली दिसली, तर लेखी कारण मागा.

बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर बहुधा दोनदा भरती व्हावं लागतं. आधी जुना सांधा काढून प्रतिजैविकाचा सिमेंट स्पेसर बसवतात, आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर जोडणी करतात. दोन्ही वेळचे कागद वेगवेगळे ठेवा. शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला, तर पॉलिसी तो एकच आजार मानते.

सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तिथे पॅकेज ठरलेलं असतं आणि पूर्वमंजुरी लागते. म्हणून रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, ‘गुडघा’ न म्हणता ‘गुडघ्याचं फ्यूजन’ असं स्पष्ट सांगा.

जोडलेला गुडघा परत वाकत नाही. त्यामुळे पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, आणि कामावरची इजा असेल तर ईएसआयच्या कायम अपंगत्वाच्या लाभासाठी, वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. तिथे डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनच्या नोंदीची प्रत असली की काम सोपं होतं. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.