स्टॅम्प पेपरवर मूल दत्तक मिळत नाही

दवाखान्यातल्या ओळखीने बाळ मिळालं, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, नोटरीही केली. म्हणजे दत्तक झालं, असं मानणारी जोडपी आजही आहेत. त्यांच्या मायेत खोट नसते. पण कायद्याने ते बाळ त्यांचं झालेलं नसतं. अनाथ, टाकून दिलेलं किंवा पालकांनी स्वाधीन केलेलं मूल असं परस्पर देणं-घेणं बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 80 खाली गुन्हा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

‘संस्थांत एवढी मुलं आहेत, मग वर्षानुवर्षं थांबायचं कशाला?’ हा प्रश्न तर नेहमीचाच. बालगृहातल्या कितीतरी मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं यांमुळे ती तिथे आलेली असतात. बालकल्याण समितीने दत्तकासाठी मोकळं जाहीर केलेलं मूलच दत्तक देता येतं. सापडलेल्या बाळाच्या आईवडिलांचा आधी शोध घ्यावा लागतो. आईने स्वतः समितीपुढे सही करून बाळ सोपवलं, तरी निर्णय बदलायला तिला 2 महिने मिळतात. एकटी, घाबरलेली, घरच्यांच्या दबावाखाली सही केलेली मुलगी या मुदतीत बाळ परत मागू शकते. या दोन महिन्यांना मी दिरंगाई म्हणणार नाही.

संस्थेत जाऊन मूल निवडताही येत नाही. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, मग समाजसेवकाची घरभेट, मग ज्येष्ठतेनुसार नंबर. तो लागला की मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल समोर येतो, आणि होकार कळवायला 48 तास असतात.

कोर्टाच्या खेपाही आता नाहीत. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. धर्माची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच स्पष्ट केलं आहे. अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही.

कुणी ‘बाळ आहे, लगेच घेऊन जा’ म्हणालं, तर पैसे देऊ नका, बाळ घेऊ नका. 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा.