अवर्षण आणि दख्खनची माळराने

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर, अहिल्यानगर व पूर्व पुणे जिल्ह्यांत उथळ, मुरमाड जमिनीवर गवताळ माळराने आढळतात. तेथील वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ५०० ते ७०० मि.मी. असून ते अनियमित असते. अवर्षणात ही माळराने उजाड भासतात. परंतु मारवेल, कुसळी यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे व बुंध्यांतील कळ्या जिवंत राहतात आणि पावसाबरोबर त्यांना पुन्हा धुमारे फुटतात. कुसळीच्या बीजाचे कुसळ ओलाव्यानुसार पीळ बदलते व बीज मातीत रुतवते.

ही क्षमता अमर्याद नाही. अवर्षणातही अतिचराई चालू राहिल्यास मुळांतील अन्नसाठा घटतो आणि बहुवर्षायू गवतांची जागा एकवर्षायू गवते घेतात. हवामानबदलामुळे पावसातील खंड लांबल्यास हा धोका वाढतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे, 'पडीक' ठरवून माळ नांगरल्यास किंवा वृक्षलागवडीसाठी चर खोदल्यास भूमिगत मूलसंस्थाच नष्ट होते; मग पाऊस परतला, तरी मूळ गवत सहजासहजी परतत नाही. म्हणून अवर्षणानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात चराईस विश्रांती देणे व माळाची जमीन अभंग राखणे, या दोन उपायांचा विचार वृक्षारोपणाआधी होणे आवश्यक ठरते.