मालेगाव सोडायचं तर कुठे?

समलिंगी व्यक्तीला राहायला शहर कोणतं बरं, हे बहुतेक जण प्राइड मोर्च्यावरून ठरवतात. तो निकष अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध मालेगावात गुन्हा नाहीत, तसे मुंबईतही नाहीत. आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला तो दोन्हीकडे. कायदा तोच, फरक आधाराचा आणि अनोळखीपणाचा. मालेगावात यंत्रमागावरचं काम, भाड्याची खोली, नातलग सगळं बऱ्याचदा एकाच मोहल्ल्यात. एकीकडची कुजबुज तिन्हीकडे पोचते. मुंबईत मात्र १९९४ पासून समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, तसाच पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट.

‘पण तिथलं भाडं परवडणार कसं?’ हा आक्षेप रास्तच. डिपॉझिट भरतानाच कंबर मोडते, वर सोसायट्या ‘बॅचलर नको’ म्हणतात (दोन पुरुषांनी खोली वाटून घेण्यात मात्र कुणाला वावगं दिसत नाही, हेही खरं). म्हणून आधी नोकरी, मग शहर. ती नाशिकला मिळाली, तर शंभरेक किलोमीटरचं अंतरही पुष्कळ झालं. जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडून त्याला नॉमिनी करायला तर गाव सोडावंच लागत नाही. २८ ऑगस्ट २०२४ च्या केंद्राच्या खुलाशानुसार त्याला कुठेच आडकाठी नाही.