माशी बदलावी की चष्मा?

जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी घडवलेले पॉइंट ४५ कॅलिबरचे पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारले. कोल्ट एम १९११ या नावाने ओळखले जाणारे हे शस्त्र थोडेफार सुधारून १९८५ पर्यंत तिथल्या सैनिकांच्या कमरेला राहिले. आज त्याचे जुने नमुने संग्राहकांची मर्मबंधातली ठेव झाले आहेत. पण असे पिस्तूल हाती आले आणि नेम धरायला गेले की पहिली अडचण डोळ्यांची येते. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पुढच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा छोटा उंचवटा, पातळ आणि बुटकी, मागची खाच अरुंद. उजेड थोडा उतरला की दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. मग मालकाच्या मनात येते, हे काढून मोठी, ठसठशीत माशी का बसवू नये?

मुळात ही माशी एवढी लहान का ठेवली, तर पिस्तूल जवळच्या अंतरासाठी होते आणि कातडी म्यानातून झटकन बाहेर यायला हवे होते. उंच माशी म्यानात अडकते. १९२० च्या दशकात सुधारित एम १९११ ए १ आले, तेव्हा माशी थोडी रुंद केली गेली, तरी आजच्या मानाने ती लहानच होती.

एका मिलिमीटरचे गणित

माशी आणि खाच यांच्यातले अंतर या पिस्तुलावर सुमारे १६५ मिलिमीटर आहे. लक्ष्य २५ मीटरवर असेल तर ते या अंतराच्या जवळजवळ १५० पट दूर असते. म्हणून खाचेच्या मध्यापासून माशी एक मिलिमीटर सरकली, तर गोळी १५ सेंटीमीटर बाजूला लागते. याउलट माशी-खाच नीट जुळलेली असताना सबंध हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही मिलिमीटरभरच सरकते. कोन बिघडला की चूक अंतराबरोबर वाढत जाते, हात समांतर सरकला तर ती तेवढीच राहते. पिस्तूल शिकवणारा प्रत्येक जण ‘लक्ष्य नको, माशी बघ’ असे बजावतो त्यामागे हीच भूमिती आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारातल्या अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ फक्त ५ सेंटीमीटर व्यासाचे असते. जुन्या कोल्टची माशी पाव मिलिमीटर चुकली तरी गोळी या वर्तुळाबाहेर जाईल. स्पर्धेच्या पिस्तुलांना रुंद माशी आणि स्क्रूने हलणारी खाच असते ती यासाठीच.

डोळ्याची मर्यादा

डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावते. माशी हातभर लांब, साधारण ७० सेंटीमीटरवर असते, लक्ष्य २५ मीटरवर आणि खाच माशीपेक्षाही जवळ. तिन्ही एकाच वेळी रेखीव दिसणे शक्य नाही. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता कमी होते आणि माशीच धूसर होऊ लागते. संध्याकाळी बाहुली मोठी होते, तसा स्पष्ट दिसणारा पट्टा आणखी आक्रसतो. भर उन्हातही संकट असतेच. घासून गुळगुळीत झालेल्या माशीची उन्हाकडची कड चमकते, डोळा त्या चमकत्या कडेलाच माशीचा मध्य मानतो आणि नेम ढळतो.

म्हणजे तक्रार खरी आहे. पण उपाय करायचा तो पोलादावर की डोळ्यावर, हे ठरवण्याआधी पोलाद जवळून पाहायला हवे.

उलटवता येणारे आणि न येणारे

मागची खाच ज्या तुकड्यात असते तो स्लाइडमधल्या खोबणीत आडवा सरकवून घट्ट बसवलेला असतो. खोबण तळाशी रुंद, वर अरुंद. पितळी पंच लावून हलके ठोके दिले की तुकडा सरकतो. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही, फार तर पिवळट डाग उरतो आणि तो पुसता येतो. त्याच मापाचा नवा तुकडा बसवला, तर उद्या जुना परत लावता येईल.

माशीची गोष्ट वेगळी. तिच्या तळाचा छोटा खुंट स्लाइडमधल्या फटीतून आत उतरवलेला असतो आणि आतल्या बाजूने ठोकून त्याचे टोक पसरवलेले असते, रिव्हेट मारतात तसे. ती काढायची तर पसरलेले टोक कापावे लागते. म्हणजे मूळ माशी तिथेच नष्ट होते. मोठी माशी त्याच छोट्या खुंटावर बसवली तर दुसरा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक गोळीला स्लाइड झपाट्याने मागे जाऊन आदळते. माशीचे वस्तुमान जितके जास्त तितका खुंटावरचा ताण जास्त, आणि ती सैल होऊन उडते. म्हणून कारागीर स्लाइडमध्ये मिलिंगने नवी खोबण कापतात. हा पक्का उपाय आहे, पण कापून काढलेले पोलाद परत येत नाही.

शिवाय कापलेल्या जागी उघडे पोलाद दिसते. बाकीच्या स्लाइडवर मूळ मुलामा असतो, कुठे निळसर-काळ्या लोह-ऑक्साइडचा, कुठे करड्या फॉस्फेटचा. दोन्ही भाग एकसारखे करायचे तर सगळी स्लाइड घासून नव्याने मुलामा द्यावा लागतो आणि त्या घासण्यात कोरलेल्या अक्षरांच्या, तपासनिसांच्या शिक्क्यांच्या कडा बोथट होतात. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीने १९४१ च्या सुमारास फक्त ५०० एम १९११ ए १ बनवली. तिच्या अस्सल नमुन्याला लिलावात काही लाख डॉलर मिळतात. या किमतीतला मोठा वाटा त्या न घासलेल्या पृष्ठभागाचा असतो.

मात्र प्रत्येक जुना बदल म्हणजे विद्रूपीकरण नव्हे. १९३० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोची किंग कंपनी हँडगनवर खास माशी बसवून देई. माशीखालच्या उतारावर इवलासा आरसा असे, तो आकाशाचा उजेड माशीच्या मण्यावर फेकी. तेव्हा बदललेली अशी शस्त्रे आज त्या बदलासाठीच शोधली जातात, कारण तो बदल त्यांच्या काळाचा पुरावा झाला आहे. तीच माशी काढून ‘मूळ’ माशी बसवणे म्हणजे पुन्हा पुरावाच खोडणे.

डोळ्यावरचा उपाय

पिस्तुलाला हात न लावताही बरेच काही साधते. ७० सेंटीमीटरवरच्या माशीसाठी डोळ्याला सुमारे १.४ डायॉप्टर जास्त ताकद लागते, दूरच्या लक्ष्यासाठी जवळजवळ शून्य. नेम धरणाऱ्या डोळ्याच्या दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर मिळवला की दोन्ही टोके सुसह्य होतात. भिंगासमोर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे छिद्र ठेवले तर प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि माशी व लक्ष्य दोन्ही रेखीव होतात. उजेड मात्र भरपूर हवा. चमक मोडायला माशीवर काजळी धरावी, नंतर ती पुसून टाकता येते.

रोज सराव करायचा असेल तर आजच्या कारखान्यात बनलेले पिस्तूल घ्यावे आणि त्यावर हवी ती माशी बसवावी. जुन्यावर खाच बदललीच, तर काढलेला तुकडा तारखेच्या चिठ्ठीसह त्याच पिस्तुलासोबत ठेवावा. जी दुरुस्ती पुढच्या मालकाला उलटवता येणार नाही ती करू नये, हा संग्रहालयांचा नियम घरच्या संग्रहालाही लागू आहे. चाळिशीत आलेला डोळा चष्म्याने सावरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने ठोकून बसवलेला खुंट एकदा कापला की त्याला कोणताही उपाय नाही.