न्यायासनावर बसणारा मनुष्य

दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांत न्यायदेवतेची नवी मूर्ति बसविल्याची वार्ता २०२४ सालच्या ऑक्टोबरांत आली, ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाहीं. एका हातांत तराजू आहे व दुसऱ्या हातांत तरवारीऐवजीं राज्यघटना आहे. पट्टी सुटली हें ठीकच झालें. परंतु मग देवतेनें पाहावें तें कोणाच्या डोळ्यांनीं? न्यायासनावर देवता बसत नाहीं, मनुष्य बसतो. त्याला कुळ असतें, भाषा असते, बाळपण असतें. या सर्वांची छाया निकालावर पडावी कीं पडूं नये, या प्रश्नाचा थोडा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रश्नाचा मोठा खल अमेरिकेंत २००९ सालीं झाला. अध्यक्ष ओबामा यांनीं तेथील सर्वोच्च न्यायालयासाठीं सोनिया सोटोमायोर या विदुषीचें नांव सुचविलें. बाईंचे आईबाप प्वेर्तो रिको बेटांतून आलेले. बाई न्यूयॉर्क शहरांतील गरीब वस्तींत वाढल्या, आणि नवव्या वर्षींच त्यांचें पितृछत्र हरपलें. २००१ सालच्या एका व्याख्यानांत त्यांनीं अशी आशा बोलून दाखविली होती कीं, आपल्यासारखें जीवन जगलेली शहाणी स्त्री, तसें जीवन न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षां बहुधा अधिक चांगला निर्णय देईल. या वाक्यावरून सेनेटांत काहूर उठलें. तेव्हां, चांगला न्याय देण्याच्या कामीं कोणत्याहि वंशाला जन्मतः वरचढपणा नसतो आणि निकाल कायद्यानेंच ठरतो, असा खुलासा बाईंनीं केला. अखेर ६८ विरुद्ध ३१ मतांनीं त्यांची नेमणूक कायम झाली.

त्या वाक्यांतली तुलना आम्हांस रुचत नाहीं. अमुक कुळांत जन्मला म्हणून अधिक न्यायी, असें म्हटलें कीं तमुक कुळांतला कमी न्यायी, असेंहि म्हणावें लागतें. परंतु त्या वाक्यांत सत्याचा अंशच नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं त्याच वर्षींचा एक खटला पाहावा. ॲरिझोना प्रांतांतील एका शाळेंत तेरा वर्षांच्या मुलीनें वेदनाशामक गोळ्या लपविल्याचा संशय घेऊन शाळेच्या लोकांनीं तिची कपडे उतरवून झडती घेतली होती. सुनावणीच्या वेळीं, मुलें व्यायामासाठीं कपडे बदलतातच कीं, अशा धर्तीचे प्रश्न न्यायासनावरून विचारले गेले. न्यायमूर्ति गिन्सबर्ग या त्या वेळीं तेथील एकट्याच स्त्री न्यायाधीश. आपले सहकारी कधीं तेरा वर्षांची मुलगी नव्हते, असें त्यांनीं पुढें उघडपणें बोलून दाखविलें. झडती बेकायदा होती, असा निकाल आठ विरुद्ध एक मतानें लागला. बाईंच्या बोलण्यानेंच मतें फिरलीं, असा दावा आम्ही करीत नाहीं. पण लज्जेचें माप घेतांना ती लज्जा ज्यानें कधीं भोगली नाहीं त्याचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक, हें कोणास नाकारतां येईल?

आतां दुसरी बाजू. जन्मावरून निकाल सांगतां येत नाहीं, याचा दाखलाहि त्याच देशांत आहे. आगगाडींत काळ्या व गोऱ्या उतारूंचे डबे वेगळे ठेवण्याचा लुइझियाना प्रांताचा कायदा १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक मतानें उचलून धरला. बहुमताचा निकाल लिहिणारे ब्राउन हे उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्सचे. विरोधांत एकटे उभे राहिले ते हार्लन, आणि ते तर केंटकींतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतले!

आपल्या इकडचें उदाहरण घेऊं. १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठीं बॅरिस्टर दिनशा दावर झगडले, आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं जामीन दिला. अकरा वर्षांनीं, १९०८ सालीं, तेच दावर न्यायासनावर होते. त्यांनीं जामीन नाकारला आणि पुढें सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. पूर्वींची वकिली न्यायासनावर कामास आली नाहीं. त्या खटल्याच्या ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते. निर्णय झाला सात विरुद्ध दोन मतांनीं. लेख मराठी, आणि ज्यूरीपुढें त्यांचें इंग्रजी भाषांतर! त्या भाषांतरांत मूळ शब्दांचा भाव विपरीत झाला आहे, ही लोकमान्यांची तक्रार होती. भाषेची जाण हीहि जीवनाच्या अनुभवाचाच भाग आहे. ती नसेल तर निःपक्षपाती मनुष्यहि फसेल.

आमचे धर्मशास्त्रकार या बाबतींत काय म्हणतात? सभासद शत्रु व मित्र यांच्या ठायीं समान असावे, असें याज्ञवल्क्य सांगतो. जाति, देश, श्रेणी व कुल यांचे आचार राजानें पारखून घ्यावे, असें मनु सांगतो. म्हणजे समबुद्धि हवी आणि लोकांच्या जीवनाची ओळखहि हवी. परंतु त्याच स्मृतींनीं एकाच अपराधाला वर्णपरत्वें निरनिराळे दंड लाविले, हें आमच्यासारख्या घरांनीं झांकून ठेवूं नये. तेथें जन्मच तराजूंत घातला गेला, आणि ज्यांनीं घातला त्यांस तो दिसलाहि नाहीं.

आमचीहि गत निराळी नव्हती. आम्हीं अनेक वर्षें शाळेंत शिकविलें. एक मुलगा रोज उशिरा येई. नियम सर्वांस सारखा, म्हणून आम्ही त्यास संस्कृतच्या तासाला दाराबाहेर उभा करीत असूं. महिनाभरानें आमच्या एका सहकाऱ्यानें त्याचा खांद्याशीं ओला झालेला सदरा पाहिला आणि विचारलें, “बाळ, किती घरीं दूध घालतोस?” हा सहकारी स्वतः लहानपणीं दूध घालून शिकलेला. मुलगा वीस घरें करून येत होता. नियम मोडला नाहीं. मुख्याध्यापकांनीं त्याचा पहिला तास संध्याकाळीं घेण्याची सोय केली. आमच्या न्यायांत पक्षपात नव्हता. पण तो प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. आमच्या घरीं दूध दारांत येई. तें कोण आणतो, हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, न्यायाधीशाचा अनुभव पुराव्याकडे पाहण्याच्या कामीं यावा, पारडें झुकविण्याच्या कामीं येऊं नये. दूध घालणाऱ्या मुलाला पाहून त्यास प्रश्न सुचावा. पण तो आपल्यांतला म्हणून त्यास सोडूं नये. आणि एका मनुष्यास सर्व जीवन जगतां येत नाहीं, म्हणूनच न्यायासनावर नाना घरांतून, नाना भाषांतून आलेलीं माणसें हवींत, निकालाचीं कारणें लेखी हवींत, आणि वर दाद मागण्याची सोय हवी.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांतहि रोज लहानसें न्यायासन भरतें. सासूसुनेचा, भावाभावांचा, घरच्या मोलकरणीचा तंटा वडील माणसापुढें येतो. निवाडा देण्यापूर्वीं, आपण ज्याचें जीवन जगलों नाहीं त्यास आणखी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंति आहे.