दोडामार्गचा मुलगा पणजीस

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या म्हणजे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो : जून उजाडेपर्यंतचे हे सहासात आठवडे मुलाने कसे घालवावे? पुण्यामुंबईकडील कुटुंबांत पोहणे, प्रवास किंवा एखादी परकी भाषा यांपैकी काहीतरी निघते आणि सुटी सरून जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या दोडामार्ग तालुक्यात मात्र इतक्या सहजासहजी सुटका होत नाही. तेथे वैशाखात घरी काजूची बाग मुलाच्या हातांची वाट पाहत असते, आणि चाळीसएक किलोमीटरांवर पणजी शहर त्याच हातांस दाम देऊन बोलावीत असते. या दोन बोलावण्यांपैकी कोणते ऐकावे, आणि पणजीचे ऐकावयाचे तर कोणत्या रीतीने, याविषयी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या अनुभवावरून चार शब्द लिहावे असे मनात आहे.

प्रथम या गावाची जागा वाचकांनी ध्यानात घ्यावी. दोडामार्ग तालुका १९९९ साली सावंतवाडी तालुक्यातून वेगळा झाला. बाजारपेठ ओलांडली की गोव्याची हद्द लागते. म्हापसा आणि पणजी ही गावे येथल्या माणसास ओरोसच्या जिल्हाकचेरीपेक्षा जवळची आहेत. मुंबईची तर गोष्टच नको. आज ही हद्द दोन राज्यांची आहे, पण १९६१ पर्यंत ती दोन देशांची होती. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत नाकेबंदीमुळे या वाटेवरची ये-जा खुंटली होती, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य ज्या मार्गांनी गोव्यात शिरले त्यांत दोडामार्गचाही मार्ग होता. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांचा कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात सामील व्हावे असे १,३८,१७० मतदारांस वाटले, तर वेगळे राहावे असे १,७२,१९१ जणांस. चौतीस हजार मतांचा हा फरक तिकडे फिरला असता, तर दोडामार्गच्या मुलास पणजीस जाताना दुसऱ्या राज्यात पाऊल टाकावे लागले नसते. इतिहासातील या गोष्टी आम्ही हौसेखातर सांगत नाही. खोली भाड्याने घेताना आणि आजारी पडल्यावर त्या मुलापुढे उभ्या राहतात, हे पुढे दिसेलच.

भाषेची अडचण म्हणावी तर ती नाही. घरी आजी ‘फाल्या’ म्हणते आणि शाळेतील गुरुजी तेथे ‘उद्या’ असे दुरुस्त करतात; पणजीच्या दुकानात तेच ‘फाल्यां’ पुन्हा कानी पडते. खिडकीस ‘जनेल’ म्हणणारा मुलगा पुण्यास गेला तर चेष्टेचा विषय होईल, पणजीत तो घरचा ठरतो. फार काय, ज्या पगारासाठी तो जातो तो ‘पगार’ शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आलेला आहे!

इतकी जवळीक असल्यामुळे एक प्रघात पडून गेला आहे. दोडामार्गची शेकडो तरुण मंडळी पणजी, म्हापसा, डिचोली येथील दुकानांत, हॉटेलांत व कारखान्यांत कामास असतात. त्यांतील पुष्कळजण पहाटे मोटारसायकल काढून जातात आणि रात्री परत येतात. सुटीपुरते काम करू इच्छिणाऱ्या मुलासही घरची माणसे हेच सुचवितात. आईच्या हातचे जेवण मिळते, भाडे वाचते, आणि मुलगा डोळ्यांसमोर राहतो, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा तास उभे राहून काम केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावरून चाळीस किलोमीटर गाडी हाकणे हे भाडे वाचविण्याचे साधन नव्हे. जूनमध्ये पहिल्या सरींनी रस्ता निसरडा झाला म्हणजे तर बोलावयासच नको. परंतु जिवाची काळजी बाजूस ठेवली तरी दुसरे एक कारण उरते, आणि तेच आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. रोज रात्री घरी परतणारा मुलगा शहरात काम करतो, पण शहरात राहत नाही.

आमच्या परिचयाच्या या कुटुंबात हाच वाद झाला. मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात होता. वडिलांचा आग्रह ये-जा करण्याचा. आईचा प्रथम जाण्यासच विरोध. तिच्या विरोधाचे कारण बोलून दाखविण्याजोगे नव्हते, पण सर्वांस ठाऊक होते. हद्द ओलांडताच दारूच्या दुकानांची रांग लागते आणि मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे रात्रभर दिव्यांनी लखलखत असतात. अशा ठिकाणी ब्राह्मणाच्या घरच्या मुलास एकटे कसे ठेवावे? मुलाच्या आजोबांनी यावर इतकेच म्हटले, “अगो, ती दुकाने आपल्या दारापासून तीन फर्लांगांवर आहेत. त्यासाठी पणजीस जावे लागत नाही.” वाद येथे मिटला.

पणजी हे काही प्रचंड शहर नव्हे. २०११ च्या खानेसुमारीत शहराच्या हद्दीत अवघी चाळीस हजार वस्ती भरली. पण १८४३ पासून ती राजधानी आहे, आणि राजधानीचा डौल तिने सोडलेला नाही. मळा भागातील एका जुन्या घराच्या मागील बाजूस मुलाने इतर दोघांसमवेत खोली घेतली. एकजण कारवारचा, एकजण बेळगावचा. सकाळी पोदेर सायकलीवरून भोंगा वाजवीत पाव घेऊन येई. दुपारी भात-आमटी तिघांनी पाळीपाळीने शिजवावयाची. पहिल्या आठवड्यात आमटी खारट झाली की करपली, याचे वर्तमान रोज रात्री फोनवरून आईस जात असे. “जेवलास का रे?” हा प्रश्न आणि “जेवलो” हे उत्तर, यापलीकडे संभाषण फारसे जात नसे, असे त्या माउलीनेच आम्हांस सांगितले.

काम मिळाले ते औषधांच्या एका घाऊक दुकानात. पेट्या आल्या की त्यांतील माल बिलाशी ताडून पाहावयाचा, प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक व मुदत वहीत आणि संगणकात चढवावयाची, ज्याची मुदत आधी संपते ते पुढे मांडावयाचे. काम कंटाळवाणे, पण त्यात हयगय चालत नाही. इन्सुलिन आणि लसी यांस दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवावे लागते. त्यासाठी निराळे शीतकपाट होते. गोव्यात बहुतेक दुकाने दुपारी एकदोनच्या सुमारास बंद होतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा उघडतात, ही पोर्तुगीज काळापासूनची चाल. एका दुपारी, दुकान बंद करण्याच्या घाईत, आमच्या या मुलाकडून इन्सुलिनची एक पेटी टेबलावरच राहिली. मे महिना, दारे-खिडक्या लावलेल्या. अडीच तासांनी दुकान उघडले तेव्हा पेटी हातास कोमट लागली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून त्या मुलाच्या जागी आपला मुलगा कल्पावा. मालक अद्याप आलेला नव्हता. पेटी उचलून शीतकपाटात ठेवली असती तर घटकाभरात ती थंडगार झाली असती. उष्णता लागलेल्या इन्सुलिनचा गुण उतरला की नाही, हे बाटलीकडे पाहून ओळखता येत नाही. ते कोणास विकले जाईल, त्याची साखर का उतरत नाही, याचा मागोवा कोणी या दुकानापर्यंत घेतला नसता. त्याने पेटी होती तेथेच राहू दिली आणि मालक येताच घडले ते सांगितले. मालक संतापला. पेटी बाद झाली, आणि तिची निम्मी किंमत त्या महिन्याच्या पगारातून वळती करण्यात आली. शिकाऊ मुलाकडून अशी वसुली करणे आम्हांस कठोर वाटते. अशा दुकानात दुपारी कुलूप लावण्यापूर्वी शीतकपाट तपासण्याचे काम कोणा जाणत्या माणसाकडे असावयास हवे होते. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच.

ही गोष्ट मुलाने पंधरा दिवसांनी घरी सांगितली. तो रोज घरी परतत असता, तर त्याच रात्री आईने त्याचा चेहरा पाहून ती काढून घेतली असती. वडिलांनी दुसऱ्या दिवशी ओळखीचा माणूस गाठून मालकाशी बोलणे केले असते, पैसेही कदाचित परत मिळाले असते, आणि मुलगा मनाने पुन्हा शाळकरी झाला असता. पणजीत त्याच्यामागे कोणी नव्हते. ती रात्र त्याने मांडवीच्या काठाशी बसून काढली, आणि सकाळी वेळेवर कामास गेला. महिनाअखेर मालकाने शीतकपाटाची किल्ली त्याच्याच हाती दिली.

हद्दीचा उल्लेख आम्ही वर केला होता. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. त्यामुळे आधारपत्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि छायाचित्रे यांच्या दोनदोन प्रती मुलाबरोबर असल्याच पाहिजेत. गोवा सरकारच्या नोकरीस पंधरा वर्षांच्या वास्तव्याची आणि कोंकणीच्या ज्ञानाची अट असल्याने, सुटीतील खासगी कामावरून पुढील सरकारी नोकरीची स्वप्ने कोणी रंगवू नयेत. दुखण्याबाण्याचेही पाहून ठेवावे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, ज्याची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेपर्यंत जाते, ते दोडामार्गकरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रुग्णालय. पण २०१८ साली तेथे परराज्यातील रुग्णांवर शुल्क बसले, आणि दोडामार्गात त्याविरुद्ध आंदोलन झाले. तिळारीच्या धरणासाठी याच तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली आणि तिचे पाणी कालव्यांनी गोव्यात जाते. अशा शेजाऱ्यास परका म्हणावे याचे लोकांस वाईट वाटले, यात नवल नाही. पगार रोख न घेता बँकेच्या खात्यात घ्यावा, आणि कामाचे तास व साप्ताहिक सुटी पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावी, हेही येथेच सांगून टाकतो.

रविवारी हा मुलगा काय करीत असे, असे आम्ही कुतूहलाने विचारले. पहिले दोन रविवार त्याने झोपेत घालविले. तिसऱ्या रविवारी फोंताइन्यासच्या गल्ल्यांतून भटकून मांडवीच्या फेरीबोटीने बेतीस गेला. पायी उतारूस तेथे पैसा पडत नाही, तेव्हा तो त्या दिवशी चार वेळा नदी ओलांडून आला! त्यानंतर कोणीतरी त्यास पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालय दाखविले. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आज कृष्णदास शामा या जुन्या ग्रंथकाराच्या नावाने ओळखले जाते. तेथे मराठी पुस्तकांचा इतका संग्रह पाहून तो चकित झाला. दोडामार्गचा मुलगा मराठी पुस्तके वाचावयास गोव्याच्या राजधानीत जातो, हे आम्हांस काहीसे लाजिरवाणे वाटले, पण वाचतो हे ऐकून बरे वाटले.

आता घरच्या बाजूचा हिशेब. पणजीचा उन्हाळा फुकट मिळत नाही. त्याची किंमत बागेत मोजावी लागते. काजूचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पिकलेला बोंडू खाली पडतो, तो रोजच्या रोज वेचून बी पिळून काढावी लागते, आणि दोनतीन दिवस उन्हात वाळवावी लागते. वळवाचा पाऊस आला तर झाडाखाली राहिलेली बी काळी पडते आणि भाव उतरतो. बोंडू तर टेम्पो भरून गोव्यातील भट्ट्यांकडेच जातो. मुलगा गेल्यावर हे काम आई, साठी ओलांडलेले वडील आणि रोजंदारीची एक बाई यांवर आले. त्या बाईची मजुरी आणि मुलाच्या पगारातून खोलीभाडे व जेवण वजा जाता उरलेली रक्कम जवळजवळ सारखीच भरली. पेटीची वसुली धरली तर कुटुंबास थोडा तोटाच झाला. वडिलांनी हे आकडे मुलास दाखविले नाहीत. आमच्या मते दाखवावयास हवे होते. आपल्या शिक्षणाची किंमत कोणी कोठे वाकून भरली, हे एकोणीस वर्षांच्या माणसास समजू शकते.

पुढील वर्षी या घरात नवीनच पेच येणार आहे. मुलाची धाकटी बहीण विज्ञान शाखेत आहे, आणि भावाने आणलेल्या वह्या पाहून तिनेही पणजीस जाण्याचा हट्ट धरला आहे. भावास ज्या अटींवर पाठविले त्याच अटी आपणास लागू कराव्या, असे तिचे म्हणणे. वडील अद्याप काही बोललेले नाहीत. आई मात्र, जिने मागील वर्षी सर्वांत अधिक विरोध केला होता, ती गेल्याच आठवड्यात बसने पणजीस जाऊन मुलींसाठी असलेली दोन वसतिगृहे पाहून आली. एकातील स्वयंपाकघर तिला पसंत पडले नाही. दुसऱ्यात खोलीस आतून कडी आहे, रात्री नऊनंतर फाटक बंद होते, आणि व्यवस्थापक बाईंनी “फाल्यां कळयतां” म्हणून सांगितले आहे.